मदत हवी आहे: पोर्ट लुईत एकच दिवस, सोबत आई

घोडबंदरची_अनु:
पुढच्या आठवड्यात मॉरिशसला निघतोय आणि पोर्ट लुईचं अजून काही ठरत नाहीये. जुनं शहर आणि तिथली मंडई, दोन्ही बघायचंय. आई शाकाहारी आहे. सुरुवात कुठून करू? लवकर सांगा, गाडीवाल्याला आजच कळवायचंय.

खारघर_फिरस्ता:
राहणार कुठे? वार कोणता? ग्रां बेला असाल तर गाडी कशाला, बस इमिग्रेशन स्क्वेअरला सोडते. आप्रवासी घाट (मजूर बोटीतून उतरायचे तो धक्का) आणि सेंट्रल मार्केट, म्हणजे मंडई, तिथून चालत.

नेरुळकर_काका:
भाजी मंडई काय, ठाण्यात जांभळी नाक्यालाही आहे. इल ओ सर्फ बेटावर जा. आणि घड्याळ दीड तास मागे करा.

वाशीची_सुगरण:
काका, तिने मंडईचं विचारलंय. अनु, धोल पुरी खाच. पिवळी डाळ शिजवून, वाटून भरतात. आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. सोबत डबल बीचा रस्सा आणि रूगाय, म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा.

खारघर_फिरस्ता:
पुरणपोळी नव्हे हो, भोजपुरी दालपुरी. १८३४पासून बिहारकडचे मजूर गेले, त्यांची.

वाशीची_सुगरण:
आपलेही गेलेत की! तिथे आजही मराठी घरं आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

घोडबंदरची_अनु:
फ्लिक आं फ्लाकला राहतोय. रविवारी जाणार. आणि हो, आईचा चातुर्मास आहे, कांदा-लसूण नाही.

खारघर_फिरस्ता:
अहो, हे आधी सांगायचं! रविवारी घाट बंद, मंडई दुपारीच आवरते. वार बदलाच. घाटाच्या त्या १६ पायऱ्या आईंना दाखवा. सुमारे पाच लाख मजूर मॉरिशसला उतरले. मला तिथे बोलायलाच सुचेना.

वाशीची_सुगरण:
मग रूगाय आणि रस्सा बाद, पुरी कोरडीच मागा. गातो पिमाँ डाळवड्यासारखा असतो, पण त्यात कांद्याची पात. त्यापेक्षा आलूदा द्या, दूध-सब्जाचा, फालुद्याच्या जवळचा. तिखट-मीठ लावलेला अननसही चालेल. मटण-मासळी वेगळ्या इमारतीत आहे, आईंना वासाचा त्रास नाही.

घोडबंदरची_अनु:
गाडीवाला सोमवारी तयार आहे! काका, रविवारी बेटावर जाऊ. ताई, कोरडी पुरी मागायची कशी?

वाशीची_सुगरण:
क्रिओल बोलतात. ‘सां रूगाय, सां कारी’ म्हणा, म्हणजे रूगाय नको, रस्सा नको. आणि सकाळीच जा, संध्याकाळी शहर ओस पडतं.