ओल्या हाताला न कळणारी शेगडी: चूक आईची का शेगडीची?

पायवाट (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात आईकडे होते. तिचं वय ७१. सिलेंडर लावायची कटकट नको म्हणून भावाने तिला इंडक्शन शेगडी घेऊन दिलीय, वरून सगळी गुळगुळीत काच, बटण असं एकही नाही, नुसती पांढरी चित्रं छापलेली. सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि आई बाजूला कणीक मळत होती. दूध वर आलं. आता जन्मभर तिने काय केलंय, तर हात कणकेत असले तरी करंगळी नि मनगट लावून गॅसचं बटण फिरवलंय, बघायची पण गरज नाही, हात आपोआप तिथे जातो. इथे तिने कणकेचं बोट लावलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. तोवर दूध उतू जाऊन नेमकं त्या छापील चित्रांवरच आलं आणि शेगडी टूं टूं करत सुटली, आईने घाईघाईत पदराने पुसलं तर पुसताना भलतंच काहीतरी लागून आकडा वाढला. शेवटी मी धावत जाऊन भिंतीवरचा स्विच बंद केला.

दूध गेलं त्याचं काही नाही. ओटा पुसता पुसता आई म्हणाली, "मला मेलीला आता काही जमत नाही बघ." हे मला फार लागलंय. डोळे मिटून भाकरी थापणारी बाई आहे ती, पंचवीस माणसांचा स्वैपाक एकटीने केलाय, आणि एक काचेची पाटी तिला असं वाटायला लावते की तिच्यातच काहीतरी कमी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वैपाकघरात हात ओले असतात, तेलकट असतात, पिठाचे असतात, ही काय गुप्त माहिती नाही. ज्याने ही शेगडी बनवली त्याला हे माहीत असायलाच हवं होतं. आणि गंमत नाही हां, दुसऱ्या दिवशी बघते तर आईने बंद करायच्या खुणेवर एक टिकली चिकटवलेली. बोटाला जागा कळावी म्हणून. जुन्या फोनवर ५ च्या आकड्यावर बारीक उंचवटा असायचा, कंप्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे वर रेघ असते, ती याचसाठी. म्हणजे न बघता बोटाला जागा कशी कळवायची हे जगाला कधीचं माहीत आहे, ते माझ्या आईला टिकली लावून करावं लागलं.

तुम्हाला काय वाटतं? माणसाने मशीन शिकायचं का मशीनने माणूस ओळखून घरात यायचं?

---

दणकट

असहमत. प्रत्येक नवीन गोष्टीला हेच होतं. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारणाऱ्या बायका गॅस आला तेव्हा घाबरायच्याच, आमची आजी तर सिलेंडर असलेल्या खोलीत झोपायची नाही. शिकल्या ना सगळ्या? काकूंना व्हॉट्सॅप येत असेल, फोटो पाठवता येत असतील, तेही टचच आहे. पंधरा दिवस द्या, होईल सवय. आणि गॅसच्या बटणांखाली जो चिकट तेलाचा थर बसतो तो दर दिवाळीला खरवडून बघा, सपाट काचेची किंमत कळेल.

पायवाट

दादा, सवयीने ओलं बोट कोरडं होत नाही. फोन हातात घेताना आपण हात पुसून घेतो, तेवढा वेळ असतो. दूध वर येताना नसतो.

स्क्रूड्रायव्हर

मी कोल्हापूरला मिक्सर, इंडक्शन, गीझर दुरुस्त करतो, १८ वर्षं झाली. दोन्ही बाजूंनी बोलतो. टचवाल्या शेगडीत काचेखाली प्रत्येक चिन्हाच्या खाली एक बारीक स्प्रिंग असते, बोट वर आलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि सर्किटला कळतं. पाणी किंवा दूध पसरलं की सर्किटला वाटतं चार बोटं एकदम आली, म्हणून ते ओरडतं किंवा गप्प बसतं. ताईंच्या घरी तेच झालंय, आईंचं काहीही चुकलेलं नाही.

पण बटणवाली शेगडी चांगली असं सरसकट म्हणू नका. तिच्यात वर प्लॅस्टिकचं स्टिकर असतं, वर्षा-दोन वर्षांत बोट लागून लागून ते फाटतं, मग पाणी आत, बटण गंजतं आणि आपोआप दाबल्यासारखं होतं. रात्री शेगडी स्वतःहून चालू झाली म्हणून माणसं घाबरून येतात माझ्याकडे. फिरवायचा नॉब द्यायचा तर काचेला नाहीतर बॉडीला भोक पाडावं लागतं, तिथून परत पाणी आणि झुरळं (झुरळं बोर्डवर काय करतात ते मी रोज बघतो). म्हणून कंपन्या सपाट काच देतात. त्यात बनवायलाही सोपं, एकच बोर्ड पाच मॉडेलला चालतो, वरची छपाई तेवढी बदलायची.

माझं मत विचाराल तर एक, फक्त एकच खरं बटण द्या. बंद करायचं. मोठं, समोरच्या कडेला, जिथे सांडलेलं पोचत नाही. बाकी ठेवा टच.

जास्वंदी

स्क्रूड्रायव्हर दादांना +१. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी वॉशिंग मशीनवर लाल नेलपेंटचे तीन ठिपके केलेत, एक साध्या कपड्यांना, एक चादरींना, एक नुसतं पिळायला. पॅनलवर इंग्रजीत सतरा पर्याय आहेत. गेल्या चार वर्षांत त्या तिनांच्या पलीकडे आमच्या घरात कुणीच काही वापरलेलं नाही, मी इंजिनिअर असून मीसुद्धा नाही.

डबलबेल

वडील एसटीत कंडक्टर होते म्हणून हे नाव घेतलंय. गाडीत छताच्या कडेने पुढपर्यंत एक दोरी जायची, ड्रायव्हरजवळ घंटी. एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. यात्रेच्या गर्दीत वडील पार मागच्या दाराशी अडकलेले असायचे, हातात पंच नि तिकिटांची पेटी, बघायला वाव नाही, पण हात वर केला की दोरी कुठेही सापडायची कारण ती सगळ्या गाडीभर होती. ड्रायव्हरलाही मान वळवावी लागत नव्हती. आणि नीट बघा, थांबायला एक नि निघायला दोन. चुकून कुणाचा धक्का लागला तर एकच टोल पडणार, म्हणजे चुकीने गाडी थांबेल, चुकीने निघणार नाही. उतरणाऱ्या म्हाताऱ्याचा एक पाय पायरीवर असताना याचा अर्थ काय होतो ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. मला ही दोरी आजच्या कितीतरी स्क्रीनपेक्षा जास्त विचारी वाटते.

दणकट

छान लिहिलंय पण दोरी एकच काम करते हो. आजच्या फोनमध्ये बँक, रेल्वे, वीजबिल, रेशन, डॉक्टर सगळं आहे. शंभर कामांना शंभर दोऱ्या लावणार का? स्क्रीनचा फायदाच हा की तीच जागा हवी तशी बदलते. अक्षर मोठं करा, मराठी करा, रंग बदला. जास्वंदी ताईंच्या मशीनवर इंग्रजी छापलंय ते छापलंय, स्क्रीन असती तर मराठी करता आली असती.

शाईपेन

एकच काम आहे म्हणून ते आपोआप सोपं होत नाही, कुणीतरी बसून सोपं करावं लागतं. मतदान यंत्राचं घ्या. १९८२ ला केरळात परूरला पहिल्यांदा वापरलं, त्याचं बाहेरचं रूप मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागाच्या प्राध्यापकांनी केलेलं आहे. (निकालांवरून जे वाद चालतात ते कृपया इथे नकोत, मी फक्त बटणाबद्दल बोलतेय.) नाव, समोर चिन्ह, समोर निळं बटण, एका ओळीत. दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा आणि लांब बीप. लिहिता वाचता न येणारी माझी पणजी चिन्ह बघून कुणालाही न विचारता मत देऊन यायची. बाजूला ब्रेल आहे. नंतर व्हीव्हीपॅट आलं, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, त्यात ती चिठ्ठी ७ सेकंद दिसते. बोटाने काय केलं ते डोळ्याला दिसलं, कानाला ऐकू आलं, अजून काय पाहिजे?

उलट साधी चार बर्नरची शेगडी घ्या. बर्नर चौकोनात आणि बटणं एका रांगेत, कुठलं कशाचं ते दरवेळी वाकून बघावं लागतं. डॉन नॉर्मन नावाचे अमेरिकन अभ्यासक हेच उदाहरण कित्येक वर्षं देतायत. बटणं आहेत, टच नाही, तरीही गोंधळ. तेव्हा भांडण बटण विरुद्ध टच असं नाहीचे मुळात.

पांढरीकाठी

मला दिसत नाही, जन्मापासून. धागाकर्तीशी अर्धी सहमत, अर्धी नाही. टचला शिव्या देऊ नका अशी विनंती. मी पूर्वी बटणांचा फोन वापरायचे, नंबर लावता यायचा पण मेसेज कुणाकडून आला ते शेजारणीला वाचायला सांगायचे, आणि सगळेच मेसेज शेजारणीने वाचावेत असे नसतात. आता टचचा फोन आहे, बोट फिरवलं की खाली काय आहे ते मराठीत बोलतो, दोनदा टॅप केलं की उघडतं. पगार जमा झाला ते मला सगळ्यात आधी कळतं. हे स्वातंत्र्य मला काचेनेच दिलंय.

पण ताईंच्या आईसारखी शेगडी माझ्या भावाच्या घरी आहे आणि तिथे मी चहा करू शकत नाही. तीही काच, ही पण काच. फोन बोलतो, शेगडी नुसती बीप करते, चालू झाली तरी तोच बीप, बंद झाली तरी तोच. मला कसं कळायचं? दोन वेगळे आवाज दिले असते तरी माझं काम झालं असतं.

घाटवळण

रोज खंबाटकीतून जाणारा माणूस. नवीन गाडीत एसी कमी करायला स्क्रीनवर दोन पानं आत जावं लागतं, रस्त्यावरची नजर काढावीच लागते. स्वीडनच्या एका गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये मोजून बघितलं होतं, ताशी ११० किमीने जाताना एसी, रेडिओ वगैरे चार कामं करायची. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोत १० सेकंदात झाली, गाडी तेवढ्यात ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट नवीन गाडीत ४४.९ सेकंद, १३७२ मीटर. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर तुम्ही अर्धवट आंधळे. आता युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशांना खरी बटणं असावीत म्हणून गुण धरतेय.

अमेरिकन नौदलाची जॉन मॅक्केन युद्धनौका २०१७ ला सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजाला धडकली, १० खलाशी गेले, तिथेही टचस्क्रीनवरच्या नियंत्रणाचा गोंधळ होता आणि नंतर नौदलाने वेग कमीजास्त करायचे हातातले दांडे परत आणायचं ठरवलं. शिका म्हणणाऱ्यांनी हे बघावं, ते तर शिकलेले खलाशी होते.

दणकट

मॅक्केनच्या चौकशीत प्रशिक्षण कमी पडलं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे, ते का गाळलं? माझा मुद्दा तोच आहे. गाडीचं मान्य, तिथे नजर रस्त्यावरच पाहिजे. पण घरात? जास्तीचं बटण म्हणजे जास्तीचे पैसे, आणि दुकानात उभं राहिलं की आपण सगळे दोनशे रुपये स्वस्त तेच उचलतो. कंपनीला दोष देण्याआधी हे पण बघा.

उंबरठा

प्रशिक्षण, जागरूकता हे शब्द ऐकले की मला त्रास होतो, कारण सांगतो. माझ्या वडिलांनी जुनी सायकल विकायला ऑनलाइन टाकली. फोन आला, घेतो म्हणाला, पैसे पाठवलेत, तुमच्या ॲपवर आलंय ते बघा, पिन टाका की जमा होतील. वडिलांनी उघडलं, रक्कम बरोबर होती, खाली मोठं रंगीत बटण, पिन टाकला. पैसे गेले. ती पैसे मागायची रिक्वेस्ट होती. आठ हजार होते, पण त्यानंतर वडील सहा महिने पेपरवाल्यालासुद्धा रोखीने देत होते, फोन हातात घेतला की हात थरथरायचा.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मेसेज बँकांनी हजारदा पाठवले असतील. वडिलांनी वाचलेही होते. पण त्या क्षणी समोरची स्क्रीन काय सांगत होती? पैसे येण्याची आणि जाण्याची स्क्रीन इतकी सारखी का होती? "तुमच्या खात्यातून ८००० रुपये जाणार आहेत" एवढं एक वाक्य ठळक मराठीत असतं तर ते थांबले असते, मला खात्री आहे. शेवटी एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. म्हणजे इतकी वर्षं शिकवून जे थांबलं नाही त्यासाठी शेवटी दारच बंद करावं लागलं. दणकट साहेब, यात माझ्या वडिलांनी अजून काय शिकायला हवं होतं?

दणकट

उंबरठा, नाही. इथे मी काही बोलू शकत नाही. वडिलांना नमस्कार सांगा. पैसे जाताना आणि येताना स्क्रीन पूर्ण वेगळ्या रंगाची हवी, हे मला मान्य आहे, कायद्याने करा पाहिजे तर. शेगडीवर मात्र मी अजून ठाम आहे, टिकली लावली, जागा सापडली, प्रश्न सुटला.

पायवाट

नाही सुटला. टिकलीने जागा सापडते, पण बोट ओलं असेल तर पुढे तेच. काल आईला फोन केला तर ती आता दूध तापत ठेवलं की कणीक मळतच नाही, दूध होईपर्यंत हात कोरडे ठेवून शेगडीसमोर नुसती उभी राहते. रोज सकाळी दहा मिनिटं. भावाशी बोललेय, पुढच्या रविवारी तिला घेऊनच दुकानात जाणार आहोत, वाटीत पाणी मागून घ्यायचं आणि हात बुडवून प्रत्येक शेगडी तिलाच बंद करायला लावायची. दोनशे रुपये जास्त लागले तर लागले.

पांढरीकाठी

पायवाट ताई, टिकली कुठली लावली आईंनी? भावाकडे लावून बघते. टिकलीवरून दाबलं तर काचेला कळतं का?

पायवाट

कळतं, पातळ असेल तर. वेल्व्हेटची छोटी लावा, बोटाला लगेच लागते. खड्याची नको, ती जाड असते, आईने आधी तीच लावली होती. तेलाने दहा-बारा दिवसांत सुटते, पाकीट जवळच ठेवा. आणि चालू करायला एक, बंद करायला शेजारी शेजारी दोन लावा, म्हणजे घोटाळा होणार नाही.