मदत हवी आहे: एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी रायफलची कोणती गोळी घ्यावी? (थर्टी-ऑट-सिक्स, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत राहतो. ऑक्टोबरसाठी मादी एल्कचा परवाना मिळालाय. रायफल थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची, नळी २२ इंची, नळीच्या आतल्या आट्यांचा एक फेरा १० इंचांत. अडीचशे यार्डांपलीकडे मी गोळी झाडत नाही.

गेल्या वर्षी साधी १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी होती, शिशावर तांब्याचं पातळ कवच. सव्वाशे यार्डांवर मादी जरा तिरकी उभी होती. गोळी खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. जनावर पडलं, उठलं, चालू लागलं. बर्फावरचे रक्ताचे थेंब बघत तीन तास मागावर होतो, तेव्हा कुठे दुसरी गोळी घालता आली. ते तीन तास अजून डोक्यातून जात नाहीत. सोलताना कातड्याखाली नुसतं कवच सापडलं, पाकळ्या उलटलेलं, आत शिसं नावालाही नाही. वजन भरलं ६१ ग्रेन. बाकीचं शिसं मांसात. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि आम्ही वर्षभर तेच मांस खातो, म्हणून पुढचा अख्खा खांदा टाकून दिला.

आता दोन गोळ्या डोळ्यांसमोर आहेत.

नॉस्लर पार्टिशन, १८० ग्रेन. मधल्या तांब्याच्या भिंतीमुळे पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसवर (हरणाच्याच कुळातलं मोठं जनावर) माझ्यासारखाच अनुभव आला, त्यातून ही गोळी निघाली. पण पुढच्या भागात शिसं आहेच.

दुसरी बार्न्स टीटीएसएक्स, १६८ ग्रेन, पूर्ण तांब्याची. शिशाचा प्रश्नच मिटतो. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. मन हिच्याकडे ओढतंय. धास्ती एवढीच की वेग कमी झाला तर तांबं नीट फुलत नाही.

कोलोरॅडोच्या नियमात (फुलणारी गोळी, एल्कसाठी किमान ८५ ग्रेन) दोन्ही बसतात.

टीटीएसएक्सने कुणी दोनशे-अडीचशे यार्डांवर एल्क पाडलाय का? गोळी कुठे बसली, आरपार गेली का, जनावर किती पावलं चाललं? आणि शिशाच्या गोळ्या झाडलेली नळी तांब्याकडे वळण्याआधी पार धातूपर्यंत साफ केलीत का? निशाणा नव्याने बसवायचाय, त्यामुळे काडतुसं येत्या शनिवारी घ्यावी लागतील.