८५ हवा भरून मनगटं सुन्न पडायलीत. कमी केली तर वेग जाईल का?

औसा रोड सकाळी सहा
मंडळी, माझी हायब्रीड सायकल आहे, टायर ७०० बाय ३२, म्हणजे रुंदी ३२ मिमी. माझं वजन ७८ किलो, सायकल १३ किलो. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, म्हणून दर सोमवारी पंपाचा काटा ८५ वर नेतो. लातूर ते औसा मोठ्या रस्त्यानं काही त्रास नाही, मजेत पळते. पण रविवारी औशाच्या पुढं खरोसा लेण्यांकडं निघालो अन् आतल्या रस्त्याला लागलो की बोंब. काळ्या रानातला रस्ता, डांबराला लाटा आलेल्या, खडी उघडी पडलेली. अर्ध्या तासात करंगळी अन् शेजारचं बोट सुन्न. परवा घरी येऊन शर्टाची बटनं निघेनात, बायकोला हाक मारावी लागली. ती म्हणाली, "सायकलच चालवली ना, का जातं ओढून आलात?"

दुसरं म्हणजे उन्हाची भीती. एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या एका दुकानात पंक्चर काढलं. पोरानं कॉम्प्रेसरनं हवा मारली, गेज नाही काही नाही, अंगठ्यानं दाबून म्हणाला, "काका, दगड झाला बघा." बारा वाजता रसवंतीपुढं उन्हात लावली. अर्धा ग्लास रस पोटात जायच्या आत फाट्दिशी आवाज! रसवंतीतली सगळी माणसं उठून उभी. तेव्हापासून धसका घेतलाय.

तर हवा किती ठेवू? आमच्या ग्रुपातला एक जण ११० भरतो अन् सगळ्यांच्या पुढं असतो.

पळता पाय
कडक टायर, कमी घर्षण. साधी गोष्ट आहे. रेसवाले १२० भरायचे. हात दुखत असतील तर जाड हातमोजे घ्या.

अंबाजोगाईचा चढ
पळता पाय भाऊ, १२० भरायचे ते २३ मिमीच्या टायरात. तेच रेसवाले आता २८-३० मिमीवर आलेत आणि हवाही बरीच खाली आणलीय. औसा रोडवाले, तुमच्या ८५ लिहिलेल्या टायरात ११० तर अजिबात भरू नका.

घर्षणाचं म्हणणं गुळगुळीत ठिकाणी खरं आहे. टायर जमिनीला टेकताना दबतो, सुटताना फुगतो, त्यात रबर थोडी ताकद खातं. हवा जास्त तर दबणं कमी. पण खडीवर टायर दबला नाही, की दर खड्याला अख्खी सायकल तुमच्यासकट वर उचलली जाते. उचलायची ताकद तुमच्याच मांडीतली, ती मनगटात अन् पाठीत जिरते. कडक टायर थरथरतो, म्हणून जोरात चालल्यासारखं वाटतं.

मलाही पटत नव्हतं. गावाबाहेर एका उतारावर, खडबडीत डांबरावर, पॅडल न मारता सायकल सोडून बघितली. तीच जागा, तेच दप्तर पाठीवर, वारा पडलेला असताना. ८५ ला सहाव्या खांबाच्या अलीकडं थांबली, ६० ला खांब ओलांडून गेली. तीनदा केलं, तीनदा तेच. ४० केलं तर मात्र पुन्हा अलीकडंच, शिवाय वळणावर मागचं चाक झोकांड्या खातंय असं वाटलं.

तुमचं एकूण ओझं ९१ किलो, त्यातलं साधारण ६० टक्के मागच्या चाकावर. म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा कशाला? मागं ६२, पुढं ५२ पासून सुरू करा. खड्ड्यात रिम खडकन लागली किंवा ट्यूबला साप चावल्यासारखी जोडीनं दोन छिद्रं पडली, तर पाच वाढवा.

आता रसवंतीचं. सकाळी २५ अंशाला ८५ भरली अन् आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तरी दाब आठेकनं वाढतो, म्हणजे ९३. एवढ्यानं धड टायर फुटत नाही. मुळात त्या पोरानं किती भरली होती हेच माहीत नाही. त्यात बहुतेक टायरची कड रिमला नीट बसली नव्हती, नाहीतर ट्यूब मधे चिमटली होती. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती गोल सगळीकडं सारखी दिसायला पाहिजे. आधी थोडी हवा भरून ती बघायची, मग बाकीची.

निवृत्त गुरुजी
आमच्या काळ्या २८ इंची सायकलला वॉलट्यूब, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हवर चढवलेली बारीक रबरी नळी. तिचं रबर हवेला धरून ठेवतं, त्यामुळं पंपाच्या काट्यावर भरवसा नाही. सीटवर बसून खाली बघायचं, मागच्या टायरचं पोट जरासं सुटलं पाहिजे, बस्स. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं असलं तर पाच-सहा पंप जास्त.

एक सांगतो, हवा कमी असो का जास्त, सराटा कुणाला सोडत नाही. सुगीत लोक रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. त्याला चुकवायला आपण कडेला उतरतो, अन् सराटे तिथंच. पुन्हा डांबरावर आलं की उतरून चाक फिरवत टायरवरून जाड फडकं फिरवा. काटा लगेच आत जात नाही, फिरून फिरून जातो.

औसा रोड सकाळी सहा
दोन रविवार ६२-५२ वर चालवली. मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा पंक्चर झालंय वाटून दोनदा उतरलो, इतकं मऊ लागलं. पण घड्याळात औशापर्यंत फरक नाही, अन् खरोशाहून येताना पहिल्यांदाच ग्रुपाच्या मागं पडलो नाही. बटनं मीच काढली. गुरुजी, फडक्यात तीन सराटे निघाले.

आता नवीन भानगड. मित्राचा पंप माझ्या टायरात ५६ दाखवतो, माझा ६२. खरं कुणाचं?

अंबाजोगाईचा चढ
दोन्ही खोटे असू शकतात. शिवाय पंप लावला की नळीत थोडी हवा जाते, म्हणून नुसतं मोजायला गेलं तर आकडा कमीच येतो. तुमचाच पंप धरून चाला अन् मित्राला त्याचा धरू द्या.