रविवार चुकला की लगेच 'नावाचे कॅथलिक'?

शिरोली_भट्टी
परवा इथं 'उद्यमनगरकर' यांनी लिहिलं, 'रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवणारे नावाचे कॅथलिक. पिक्चरला वेळ असतो, देवाला नसतो.' दोन दिवस गप्प बसलो, आता ऐका. मी फाउंड्रीत आहे. सुट्टी सोमवारी. रविवारी सकाळी लोखंड ओतायला उभा असतो. फर्नेस तापलेली असताना 'मिस्साला जाऊन येतो' असं सुपरवायझरला म्हणून बघा एकदा! रविवारी मिस्सा बंधनकारक, हा चर्चच्या कायद्यातला कॅनन १२४७ मलाही माहीत आहे. पण कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, परिच्छेद २१८१ वाचा, गंभीर कारण असेल तर सूट आहे. पोरांच्या फीपेक्षा गंभीर काय असतं, सांगा. आणि १ मेला संत योसेफ कामगार म्हणून सण करायचा (पोप १२वे पायस, १९५५), अन् कामगारालाच झाडायचं?

उद्यमनगरकर
सूट आजारपणाला, तान्ह्या बाळाला. ओव्हरटाइमला नव्हे. आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, कॅनन १२४८. माझे वडील वसईहून इथं आले तेव्हा सायकलवरून जायचे, पावसात सुद्धा. आजकाल निमित्तंच फार.

रात्रपाळी_सिस्टर
सायकल आली का परत! माझी ड्युटी शनिवारी संध्याकाळी सुरू होते, रविवारी सकाळी संपते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सांगू का, 'थांबा हं, कम्युनियन घेऊन येते'?

कागलची_सून
मी तर जाते. पण जाऊन काय? सगळं इंग्रजीत. सासूबाई जपमाळ ओढत बसतात, प्रवचनातलं अक्षर कळत नाही. लोकभाषेत मिस्सा करायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ सालीच परवानगी दिली, आमच्यापर्यंत एसटी अजून पोचली नाही.

बार्देशकर
मराठी, मराठी! आम्ही गोव्याचे, शेजारी मंगळूरचे, मागच्या बाकावर केरळचे. सगळ्यांना समजेल अशी इंग्रजीच की. उद्या आम्ही कोकणी मागितली तर?

कागलची_सून
मागा की. कोल्हापुरात राहून भाजी इंग्रजीत घेता का?

वाइल्डर_वाला
मी प्रोटेस्टंट, मधे बोलतोय, राग मानू नका. आमचे वाइल्डर साहेब, अमेरिकन मिशनरी, १८५२ साली कोल्हापुरात आले. आमच्याकडं उपासना मराठीत, गायनं मराठीत, भांडणंसुद्धा मराठीत. या की.

बार्देशकर
झालं! आता मेंढरं पळवा. तुमच्याकडं पोप नाही, कुमसार (पापांची कबुली) नाही, म्हणून रविवारही सोयीचा.

वाइल्डर_वाला
रविवार सोयीचा? सकाळी उपासना, दुपारी मंडळीची मीटिंग, संध्याकाळी तरुण संघ. घरी मटणाचा रस्सा गार होतो, बायकोला विचारा.

रात्रपाळी_सिस्टर
मूळ मुद्दा कुणाला आठवतोय का?

शिरोली_भट्टी
मला आठवतोय. पोप १३वे लिओ यांनी १८९१ साली रविवारची विश्रांती मालकाच्या अंगावर टाकली होती. कॅटेकिझम २१८७ तेच म्हणतो, कामगाराला वेळ देणं मालकाचं कर्तव्य. आता उद्यमनगरकर, तुमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या रविवारी लेथ चालू होत्या. माझा मेहुणाच तिथं होता. त्याची मिस्सा कुणी चुकवली? शनिवारी संध्याकाळीही तो तिथंच होता.

उद्यमनगरकर
एक्स्पोर्टची ऑर्डर होती. कंटेनर चुकला तर पगार कुठून देणार? तुमचा मेहुणा दुप्पट पैसे घेऊन गेला, ते नाही सांगितलं त्यानं.

शिरोली_भट्टी
सांगितलं की. म्हणजे ऑर्डर गंभीर कारण, आणि आमची फी निमित्त. नाद खुळा!

उद्यमनगरकर
बरं बाबा, कॅनन तुम्हीच शिकवा आता. 'नावाचे' हा शब्द काढतो. पिक्चरचं काढणार नाही, ते खरंच आहे. मेहुण्याला सांगा, ऑर्डर नसेल तेव्हा शनिवारी पाचला सोडीन.

कागलची_सून
आणि ती शनिवारची मिस्सा कुठल्या भाषेत?

बार्देशकर
परत सुरू!