मखमली शिंगांच्या नर सांबराचे छायाचित्र : खान्देशातून नियोजन कसे करावे?

तापीकाठचा निरीक्षक (भुसावळ)

नमस्कार. हतनूरच्या जलाशयावर पक्ष्यांची छायाचित्रे काढणे हा माझा नेहमीचा छंद आहे. आता मला पूर्ण वाढलेल्या नर सांबराचे किंवा चितळाचे, शिंगांवर मखमली आवरण (वाढत्या शिंगावरची केसाळ त्वचा) असतानाचे छायाचित्र काढायचे आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या संग्रहात टणक, घासून लख्ख झालेल्या शिंगांचीच छायाचित्रे दिसतात. मखमलीतला नर क्वचितच आढळतो. हे आवरण नेमके कोणत्या महिन्यांत असते, यावल अभयारण्यात किंवा गौताळ्यात त्यासाठी प्रयत्न करणे योग्य ठरेल की थेट विदर्भात जावे, आणि सांबरासारख्या गडद अंगाच्या प्राण्यासाठी एक्स्पोजर कसे ठेवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स आहे.

सातपुड्याचा वाटसरू (यावल)

भाऊ, आधी ऋतूचे गणित पाहू, कारण बाकीचे सगळे त्यावरच ठरते. आपल्याकडचे बहुतेक सांबर नर उन्हाळ्यात शिंगे गाळतात, पावसाळाभर नवी शिंगे मखमलीखाली वाढतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ती टणक होतात, कारण त्यानंतर माजाचा काळ येतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले दृश्य ऐन पावसात असते, जेव्हा रान दाट असते, वाटा चिखलाच्या असतात आणि अनेक ठिकाणी पर्यटन बंद असते. मखमलीतल्या सांबराची छायाचित्रे कमी दिसण्याचे मुख्य कारण हेच आहे.

चितळाचे तसे नाही. चितळाचे सगळे नर एकाच वेळी शिंगे गाळत नाहीत, त्यामुळे एकाच कळपात एक नर टणक शिंगांचा आणि दुसरा मखमलीतला असे सहज दिसते. मध्य भारतात त्यांचा माज उन्हाळ्यात भरात असल्यामुळे त्याआधीच्या हिवाळ्यात मखमलीतले नर अधिक आढळतात. चितळांचे मोठे कळप निवांत पाहायचे असतील तर पेंच किंवा ताडोबा गाठावे, असे मी स्पष्टच सांगेन. १९६९ साली घोषित झालेल्या आपल्या यावल अभयारण्यात सांबर आहे, पण ते विरळ आहे आणि माणसाची चाहूल लागताच अंजन-सालईच्या उतारावर दिसेनासे होते. (शेतात दिसणाऱ्या रोह्यांच्या आणि काळविटांच्या शिंगांवर मखमल कधीच येत नाही, त्यामुळे त्यांचा विचार येथे नको.)

मखमल म्हणजे केसाळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली जिवंत त्वचा असते आणि तिच्या आत हाड वाढत असते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारे अवयव फार थोडे आहेत. या काळात शिंग हळवे असते, आपटले तर रक्त येते आणि वाढ वेडीवाकडी होऊ शकते, म्हणून नर झुंज टाळतो आणि काटेरी जाळीतून जाताना डोके मोठ्या सावधपणे वळवतो. वाढ चालू असताना टोके गोल, फुगीर आणि बोथट दिसतात. पुढे रक्तपुरवठा थांबला की नर कोवळ्या झाडांवर शिंगे घासतो, तेव्हा मखमलीच्या रक्ताळलेल्या चिंध्या शिंगांवर लोंबतात. माझ्या मते सर्वांत बोलके छायाचित्र याच अवस्थेचे असते, पण ती फार थोडा काळ टिकते. खोडांची ताजी सोललेली साल दिसली, तर त्या भागात नर वावरतो आहे असे समजावे.

धुळ्याची दुर्बीण

तांत्रिक बाजूविषयी लिहितो. मखमलीचे केस बारीक असतात आणि समोरून पडलेल्या उजेडात ते सपाट दिसतात. सूर्य प्राण्याच्या मागे किंवा बाजूला असेल, तेव्हा प्रत्येक फाट्याच्या कडेने उजेडाची झालर उमटते आणि मखमल खरोखर मखमल दिसते, म्हणून पहाटेनंतरचा पहिला तास सोडू नये. सांबराचे अंग गडद असल्यामुळे कॅमेऱ्याचे मोजमाप फसते आणि तो चित्र गरजेपेक्षा उजळ करतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉपपासून (स्टॉप म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याचे माप) सुरू करावे. मागून उजेड असेल तर हिस्टोग्रामवर (चित्रातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) लक्ष ठेवून आणखी खाली जावे.

फोकस डोळ्यावर ठेवावा. पाचशे मिलिमीटर आणि एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचे माप) वर तीस मीटर अंतरावरून सुमारे सव्वा मीटर खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारे अंतर, मिळते, म्हणजे नराने मान वळवली तरी दोन्ही शिंगे त्यात बसतात. पंधरा मीटरवर तीच खोली जेमतेम एक फूट उरते, त्यामुळे जवळ जाण्याचा अट्टहास छायाचित्राच्याही हिताचा नाही. फ्लॅश वापरू नये.

माझी सूचना अशी की मे-जूनमध्ये पाणवठ्याजवळ आडोशाला बसावे. तेव्हा नव्या शिंगांची वाढ सुरू झालेली असते आणि पाण्यासाठी नर हमखास येतो.

पाटणादेवीचा रहिवासी (चाळीसगाव)

शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. मे महिन्यात सातपुड्यातले आणि आमच्या गौताळ्यातले पाणवठे मोजके उरतात. तहानलेला नर आपल्या वासाने बुजून परत फिरला, तर त्याला पुढच्या पाण्यासाठी उन्हातान्हात किती चालावे लागेल याचा विचार आपण करायलाच हवा. बसायचेच असेल, तर पाण्यावर नव्हे, पाण्याकडे येणाऱ्या वाटेपासून दूर, वारा प्राण्याकडून आपल्याकडे येईल अशा जागी, वनरक्षकाला सोबत घेऊन बसावे. सांबराने पाय आपटला, शेपटी उभारली किंवा मोठ्याने आवाज दिला, की कॅमेरा खाली ठेवून स्तब्ध राहावे.

तापीकाठचा निरीक्षक (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. यंदा हिवाळ्यात पेंचमध्ये चितळांपासून सुरुवात करतो. सांबरासाठी यावलमध्ये परवानगी कोणाकडे मागावी? आणि रानात गळालेली शिंगे सापडली, तर अभ्यासासाठी घरी आणता येतात का?

सातपुड्याचा वाटसरू (यावल)

शिंगे आणता येत नाहीत. गळालेले शिंगसुद्धा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते. जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि वनरक्षकाला कळवावे. अभयारण्यात प्रवेशासाठी व छायाचित्रणासाठी याच अधिनियमाच्या कलम २८ खाली परवाना लागतो, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. अर्जात महिना आणि पायी फिरणार की वाहनातून, हे स्पष्ट लिहावे. पावसाळ्यात कोणते रस्ते बंद असतात, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण सुकी नदीला पाणी आले की पाल गावाच्या परिसरातले बेत बदलावे लागतात.