मैत्री-एकटेपणाच्या गोष्टीवर सगळी मुलं “वाईट वाटले” एवढंच लिहितात. आकलन कसं घ्यावं? (इ. ४थी)

चौथीच्या_बाई

इयत्ता चौथी, पट २८. वाचनासाठी साधारण ३०० शब्दांची गोष्ट निवडली आहे. गणू आणि दत्ता एका बाकावर बसणारे. दिवाळीनंतर दत्ताचे आईवडील ऊसतोडीला निघतात, दत्ताही टोळीबरोबर जातो. गणू मागे राहतो. अडचण येते ती या उताऱ्यावर:

“मधली सुट्टी झाली. गणूने डबा उघडला. भाकरी मोडली, अर्धी झाकणात काढून ठेवली. मग झाकणाकडे बघत बसला. अर्धी भाकरी त्याने परत डब्यात टाकली. ‘माझं पोट भरलंय,’ तो बाईंना म्हणाला. बाहेर पोरं आट्यापाट्या खेळत होती. ‘एक गडी कमी पडतोय, येतोस का?’ सुमीने हाक मारली. गणूने ऐकलं. तो उठला आणि पाणी प्यायला गेला.”

“कोण कोणास म्हणाले?” सगळ्यांचं बिनचूक येतं. “गणूला कसे वाटले?” याला मात्र सगळ्या वह्यांत एकच उत्तर: गणूला वाईट वाटले. आणि “गोष्टीतून काय शिकलात?” याला: मित्रांशी चांगले वागावे. तीन मुलं अजून अडखळत वाचतात. ३५ मिनिटांच्या दोन तासिका हाताशी आहेत. प्रश्न कसे काढू? आधी काय सांगावं आणि काय सांगू नये?

भाषेचा_तास

बाई, उत्तर चुकीचं नाही, प्रश्न मोघम आहे. “कसे वाटले” म्हटलं की “वाईट वाटले” हे बरोबरच उत्तर आहे आणि ते गोष्ट न वाचताही देता येतं. तुमच्या उताऱ्यात दुःख, आठवण, एकटेपणा यांतला एकही शब्द नाही. दत्ताचं नावसुद्धा नाही. तिथे आहे फक्त अर्धी भाकरी. ती भाकरी आणि मुलाला घरादारातून आधीच माहीत असलेली गोष्ट (अर्धं आपण कोणासाठी काढतो?) यांचा सांधा जुळला की अनुमान होतं. तुमचा प्रश्न नेमका त्या सांध्यावर पडायला हवा.

उदाहरणार्थ: अर्धी भाकरी कोणासाठी काढली होती? इथे कोणाचं नावच नाही, मग तुला कशावरून कळलं? “माझं पोट भरलंय” हे खरं आहे का? ओळ दाखव. सुमीची हाक गणूला ऐकू आली होती का? मग तो पाणी प्यायला का गेला?

शेवटच्या प्रश्नाला एखादं मूल “तहान लागली म्हणून” म्हणणारच. चूक म्हणू नका. “मग ‘गणूने ऐकलं’ हे वाक्य लिहिणाऱ्याने मुद्दाम कशाला घातलं असेल?” एवढं विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ही पाच आकड्यांची शांतता बहुतेक ठिकाणी पाळलीच जात नाही. हुशार दोन हात वर येतात, उत्तर येतं, आणि उरलेले सव्वीस जण विचार थांबवतात.

क्रम ठेवा: ओळ आधी, भावना नंतर. फळ्यावर तीन रकाने: “गोष्टीत काय आहे”, “मला आधीपासून काय माहीत आहे”, “म्हणून मला काय वाटतं”. पहिली ओळ तुम्ही मोठ्याने विचार करत भरा: “अर्धी भाकरी काढून ठेवली... आपण अर्धं काढतो ते कोणाला द्यायला... दत्ता तर गेलाय... म्हणजे हात सवयीने चालला.” दुसरी सगळ्यांनी मिळून, तिसरी जोडीत. जोडीत बोलण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, नाहीतर जोडीतला एकच बोलतो आणि दुसरा उतरवून घेतो.

पहिल्या तासिकेत वाचनाआधी पाच मिनिटं पुरे, पण ती शब्दार्थांच्या यादीत घालवू नका. टोळी, मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा), उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), कोयता हे शब्द बीडकडच्या वर्गात मुलंच तुम्हाला समजावतील. कोकणात तुम्हालाच सांगावे लागतील. सगळ्यात गरजेचं म्हणजे गळीत हंगाम, म्हणजे कारखान्यात ऊस गाळायचा काळ. तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दत्ता दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांकडे गेलाय असं मुलाच्या डोक्यात राहिलं, तर पुढचं काहीच लागत नाही. “आज आपण मैत्रीची गोष्ट वाचणार आहोत” हे मात्र अजिबात सांगू नका. तिथेच उत्तर फुटतं.

वाचताना पूर्ण गोष्टीत तीनदाच थांबा: दत्ता निघतो तिथे, भाकरी परत डब्यात जाते तिथे, आणि शेवटाच्या थोडं आधी. दर दोन ओळींना थांबलात तर गोष्टीची लय तुटते. रकाने दुसऱ्या तासिकेत.

पाटी_पेन्सिल

अडखळणाऱ्या तीन मुलांबद्दल लिहितो. अडचण वाचनाची आहे की समजण्याची, हे आधी वेगळं करा. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न तोंडी विचारा. मुलाने भाकरीचं बरोबर सांगितलं तर त्याला समजतं आहे, फक्त अक्षरांत अडकतो आहे. ऐकूनही सांगता आलं नाही तर काम वेगळं आहे. तिथे आधी गोष्टीवर गप्पा, चित्र काढणं, प्रसंग करून दाखवणं.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणं अपेक्षित आहे. तुमचा उतारा बरोबर पन्नास शब्दांचा आहे, म्हणजे मिनिटाच्या आत व्हायला हवा. ज्याला तीन मिनिटं लागतात तो पाण्यापाशी पोचेपर्यंत भाकरी विसरलेला असतो. त्याच्याकडून अनुमानाची अपेक्षा करणं अन्याय आहे.

उपाय: हाच उतारा चार दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मुलाचं बोट ओळीखाली. दुसऱ्या दिवशी एक वाक्य तुम्ही, तेच वाक्य तो. मग चांगल्या वाचकाबरोबर जोडीने, मग एकट्याने. रोज नवा उतारा देऊ नका आणि तयारी नसताना वर्गासमोर उभं करू नका. चुका सगळ्या दुरुस्त करायच्या नाहीत. “पोरं”चं “पोरे” वाचलं तर जाऊ द्या. “भाकरी मोडली”चं “भाकरी मोजली” झालं तर थांबवा, कारण तिथे अर्थ गेला. लगेच शब्द सांगूही नका. “एकच भाकरी आहे, मोजायची कशाला?” असं विचारलं की बहुतेक मुलं स्वतःच मागे जाऊन वाचतात.

“माझं पोट भरलंय” हे वाक्य दोन प्रकारे वाचून घ्या: एकदा खरंच जेवून तृप्त झालेल्या मुलाने म्हटल्यासारखं, एकदा गणूने म्हटल्यासारखं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं आकलन इथे आवाजात ऐकू येतं. उत्तर घरच्या बोलीत आलं, अहिराणीत किंवा गोरमाटीत (बंजारा बोलीत), तरी पूर्ण धरा.

तीन रकान्यांबद्दल थोडा मतभेद. महिन्यातून दोनदा ठीक, रोज नको. मुलं तेही पाठ करतात आणि मधल्या रकान्यात “मला माहीत आहे” एवढंच लिहायला लागतात.

शब्दांची_पेटी

“वाईट वाटले” येण्याचं आणखी एक कारण आहे. मुलांकडे शब्द आहेत, पण वहीत चालतो तो एकच असं त्यांना वाटतं. घरी हीच मुलं “करमंना” म्हणतात. तो शब्द फळ्यावर येऊ द्या. मग सात शब्दांच्या चिठ्ठ्या करा: करमत नाही, चुकल्यासारखं वाटतं, हिरमुसला, खट्टू झाला, रुसला, अवघडला, घाबरला. प्रत्येक जोडीने एक चिठ्ठी उताऱ्यातल्या ओळीजवळ ठेवायची आणि एक चिठ्ठी कारण सांगून बाद करायची.

शब्द ठेवण्यापेक्षा बाद करताना जास्त विचार होतो. “रुसला” का नाही? रुसायला समोर कोणीतरी लागतं, आणि दत्ता काही भांडून गेलेला नाही. “अवघडला” कुठे बसेल? बाईंना खोटं सांगतो तिथे. एवढं चौथीचं मूल नक्की सांगतं.

यानंतर “एकटा” आणि “एकाकी” घ्या. मधल्या सुट्टीत अंगण पोरांनी भरलेलं, सुमी हाक मारतेय. मग गणू एकटा आहे का? “एकाकी” हा शब्द या प्रश्नानंतर द्या. आधी अर्थ सांगून दिलेला शब्द परीक्षेपुरता राहतो.

एक काळजी घ्या. “तुमचा मित्र सोडून गेला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?” असं वर्गात तोंडी विचारू नका. वर्गात कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाऊन आलेलं किंवा जायच्या बेतात असलेलं मूल असू शकतं. कोणाशी न बोलणारं तर असतंच. बोलायचं ते गणूबद्दल. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल त्याला कागद द्या, आणि तो कागद वर्गात वाचू नका. त्यात काळजीचं काही दिसलं तर मुलाशी बाजूला, निवांत बोला.

“काय शिकलात?” हा प्रश्न या गोष्टीपुरता काढूनच टाका. गणूने कोणाशी वाईट वागणूक केलेली नाही. मग “चांगले वागावे” आलं कुठून? ते प्रश्नाच्या सवयीतून आलं.

चौथीच्या_बाई

भाकरीचा प्रश्न आणि चिठ्ठ्या दोन्ही घेते. पण लेखी चाचणीत गुण कसे द्यायचे? सगळ्यांची उत्तरं वेगळी आली तर?

भाषेचा_तास

प्रश्न तीन गुणांचा ठेवा: उत्तराला १, आधाराच्या ओळीला १, दोन्ही जोडणाऱ्या कारणाला १.

“गणूला वाईट वाटले.” – १
“गणूला करमत नव्हते, कारण त्याने भाकरी परत डब्यात टाकली.” – २
“तो रोज दत्ताला अर्धी भाकरी देत होता. दत्ता नाही हे आठवले म्हणून परत टाकली. त्याला करमत नव्हते.” – ३

शुद्धलेखनाचे गुण इथे कापू नका, त्यासाठी वेगळा प्रश्न असतो. उत्तरं वेगळी आली तरी आधाराची ओळ उताऱ्यातच असते, म्हणून तपासणं अवघड जात नाही. “तहान लागली” लिहिणाऱ्यालाही ओळ विचारा. ओळ देता आली नाही की तिथेच कळतं.

चाचणीला मात्र गणूचा उतारा नको. त्यावर वर्गात बोलून झालंय, मुलं आठवून लिहितील. त्याच धाटणीचे नवे पन्नास-साठ शब्द द्या. दत्ताचेच घ्या: उसाच्या फडातली सकाळ, तो पाचट (उसाची वाळली पानं) गोळा करतोय, कोणीतरी हाक मारतं, “गणू”, हा चटकन वळून बघतो, तो दुसराच गणू निघतो. प्रश्न एकच: दत्ता का वळला, आणि वळल्यावर त्याच्या मनात काय आलं असेल? ओळ लिहून सांगा.

पाटी_पेन्सिल

यात त्या तिघांना उतारा आधी वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घेऊन तुम्ही लिहा. त्यांच्या वाचनाचा वेग दुसऱ्या दिवशी वेगळा मोजा.