गॅसवरची जुनी मारुती व्हॅन घ्यावी का? माझं मत : घ्यावी

तापीकाठ :
अमळनेरला एक मारुती व्हॅन विकायला आहे, १९९६ ची, कार्बोरेटरवाली. मागची सीट काढून झोपायला फळ्यांचा पलंग केलाय, खाली सामानाचे खण, छताला छोटा पंखा, आणि एलपीजी किट. आरसीवर पेट्रोल आणि एलपीजी दोन्ही लिहिलेलं आहे, पासिंग पाच वर्षांसाठी रिन्यू केलेलं. माझा विचार असा की तोरणमाळ, पाटणादेवी, उनपदेव, सारंगखेड्याची यात्रा, असं मुक्काम करत फिरायला यापेक्षा स्वस्त साधन नाही, ७९६ सीसीचं इंजिन गल्लीतला कुठलाही मिस्तरी डोळे मिटून खोलतो आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे वायसर फुगतात, त्यापेक्षा गॅसवर चालवलेली बरी. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

भुसावळचा_रेल्वेवाला :
काय भो, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तू गॅसच्या टाकीवर पलंग टाकून झोपणार? एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून बसतो, आणि तू तिथंच झोपलेला. २०२४ ला जळगावात असल्याच मारुती ओमनी व्हॅनमध्ये बेकायदा गॅस भरताना भडका उडाला, माणसं गेली, विसरलो का आपण? माझा ठाम विरोध.

तापीकाठ :
विसरलो नाही, म्हणूनच लिहितोय. ते झालं कशानं? घरगुती सिलिंडरातून मोटर लावून टाकी भरताना. पंपावर भरताना टाकी ८० टक्के भरली की झडप आपोआप बंद होते, उन्हात द्रव फुगला तरी त्याला जागा राहते. लाल सिलिंडरातून भरणारा ती झडप चालते का बघतो का? दोष गॅसचा नाही, त्या धंद्याचा आहे, आणि तो धंदा चालू देणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्याचा.

केळीपट्टा_रावेर :
बठ्ठं खरं, पण पंप कुठं आहे ते सांग ना. गाडीत भरायच्या एलपीजीचे पंप आपल्याकडे बोटावर मोजण्याइतके, सगळं आता सीएनजीकडे गेलंय. शहाद्याच्या पुढं तोरणमाळच्या रस्त्याला लागलास आणि टाकी संपली तर पेट्रोलवरच यायचं. शिवाय हे इंजिन थंड असताना पेट्रोलवरच चालू करावं लागतं, म्हणजे तुझं ते इथेनॉलचं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये जाणारच, वरून गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी ओढतं. मुद्दा बाद.

तापीकाठ :
बाद नाही, अर्धा कमी झाला म्हण. पाइप नवे टाकता येतात, स्वस्त आहेत. पंपाचं मात्र मान्य, वाटेत गॅस कुठं मिळेल ते आधी बघूनच निघावं लागेल.

साक्री_लाईन :
मी स्वतः गॅसवर गाडी चालवतो, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. एलपीजीचा दाब सीएनजीच्या मानाने फार कमी, सीएनजी २०० बारला भरतात, त्याची जाड लोखंडी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोची, या व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तो भार झेपत नाही. त्यामुळं व्हॅनला एलपीजी चांगला. पण सुकं जळण आहे, व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, वेळच्या वेळी बघायलाच लागतात. वेपोरायझर, म्हणजे टाकीतल्या द्रवाचा वायू करणारा भाग, रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालतो, त्याचा आतला रबरी पडदा कडक झाला की गाडी घाटात श्वास धरते. तोरणमाळच्या सात पायरी घाटात भरल्या गाडीनिशी चढायचं तर पहिल्या गियरशिवाय गती नाही, ताकद थोडी कमीच पडते. आणि पलंग टाकीच्या वर कायमचा ठोकलेला असेल तर टाकीचा नळ, जोड, वायसर बघणार कसं? पलंग उचलता आला पाहिजे, नसेल तर मी घेणार नाही.

भुसावळचा_रेल्वेवाला :
आणि टक्कर झाली तर? ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर नुसता पत्रा, इंजिन सीटखाली. सुरक्षेचे नियम कडक झाले तेव्हा २०१९ ला कंपनीनंच ही गाडी बंद केली. धुळे-जळगाव हायवेला केळीचे ट्रक कसे येतात ते तुला माहितीये. बायकापोरं मागं झोपलेली असताना चालत्या गाडीत तर विचारच करू नको.

तापीकाठ :
चालत्या गाडीत कुणी झोपणार नाही, हे माझं पक्कं आहे. समोरच्या पत्र्याला माझ्याकडं उत्तर नाही, हळू चालवणं एवढंच.

पारोळा_पासिंग :
विकणारा विंटेज म्हणून भाव वाढवत असेल तर ऐकू नका. सरकारी नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची गाडी, ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. ही ना तेवढी जुनी, ना मूळ रूपात. साधी जुनी गाडी आहे, तिचा भाव तसाच करा. दुसरं, मागची सीट काढलीये, तर आरसीवर किती माणसांची नोंद आहे ते बघा. फळ्या उचलून बाहेर ठेवता येत असतील तर सीट परत बसवून पासिंगला नेता येईल. एलपीजी टाकीची पाच वर्षांनी टेस्ट लागते, टाकीवरच्या पाटीवर तारीख कोरलेली असते, ती आधी बघा. किट आरसीवर असून इन्शुरन्सच्या कागदावर नसेल तर क्लेमला कटकट.

तापीकाठ :
आत्ताच विकणाऱ्याशी बोललो. पाटीवरची टेस्टची तारीख उलटून गेलीये, आणि फळ्या स्क्रूनं पत्र्याला आवळलेल्या आहेत. त्याला सांगितलं, टेस्ट तुझ्या खर्चानं करून सर्टिफिकेट दे, फळ्या सोडव, मग अमळनेरला येऊन बोलू. तो विचार करून सांगतो म्हणाला.

भुसावळचा_रेल्वेवाला :
तरी माझा विरोध कायम आहे. पण टेस्टशिवाय घेत नाहीस हे बरं केलंस.